पळसाच्या वाळलेल्या फुलांचं गार सरबत: नाशिकच्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

नाशिककरांची पळसाच्या फुलांशी ओळख असते ती रंगपंचमीमुळे. जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, वर्षातून एकदा उघडतात, मोठमोठ्या पातेल्यांत फुलं उकळून रंग तयार होतो आणि त्यात धप्पा मारून, म्हणजे उडी घेऊन, आलेल्या माणसाच्या अंगाला तो वास नंतरही येत राहतो. त्यामुळे पळसफुलं म्हटलं की उकळणं आलंच, असा आपला समज झालेला असतो. सरबत करायला घेणारेही फुलं थेट पातेल्यात टाकून खळाखळा उकळतात. मग हाती येतं ते गडद, कडवट आणि घशाला खवखवणारं पाणी. एक घोट घेतला की पुन्हा कुणी त्या वाटेला जात नाही.

मला हे सरबत पेठकडच्या एका मावशींनी शिकवलं. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, चूल पेटवायचीच नाही." पळसफुलांच्या सरबताचं मर्म एवढंच आहे. रंग काढायची रीत वेगळी आणि प्यायचं पाणी करायची रीत वेगळी. आयुर्वेदात औषधी रात्रभर गार पाण्यात भिजवून सकाळी गाळून घेण्याच्या कृतीला 'हिम' म्हणतात. आपण करणार आहोत तो हिमच, फक्त औषधाच्या प्रमाणापेक्षा बराच पातळ आणि चवीला गोड केलेला.

आधी हे वाचा: कुणी पिऊ नये

हा भाग शेवटी टाकला तर कुणी वाचत नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहिते. गर्भवती असाल किंवा गर्भधारणेचा प्रयत्न चालू असेल, तर हे सरबत पिऊ नका. पळसाचा, विशेषतः त्याच्या बियांचा, गर्भनिरोधक म्हणून पूर्वापार वापर झालेला आहे. फुलांच्या बाबतीतही धोका पत्करण्याचं कारण नाही. हे फूल लघवी वाढवणारं मानतात, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह असणाऱ्यांनीही विचारावं, आणि ते केवळ साखरेपुरतं नाही. बाकीच्यांनी पहिल्या वेळी अर्धा कपच घ्यावा. अंगावर काही उठलं नाही, पोट बिघडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पेलाभर घ्यायला हरकत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळांना देऊ नका.

आणखी एक. उन्हाळी लागली की हे पाणी देण्याची घरगुती रीत आहे. पण लघवीला जळजळ होऊन ताप येत असेल किंवा पाठीत कळा येत असतील, तर सरबतावर दिवस काढू नका, दवाखाना गाठा.

काय काय लागेल

एक लिटर सरबतासाठी:

- देठाकडच्या काळ्या टोप्या काढून निवडलेल्या वाळक्या पाकळ्या: २५ ग्रॅम (सैल अशा दोन मोठ्या मुठी, निवडण्यात बरंच वजन जातं, म्हणून ५० ग्रॅम फुलं आणा)
- उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं पाणी: १ लिटर
- खडीसाखर: ८० ते १०० ग्रॅम
- सैंधव: चिमूटभर
- लिंबू: अर्धं, तेही ऐच्छिक
- वेलदोडे: दोन, किंवा अर्धा चमचा जाडसर कुटलेली बडीशेप. दोन्ही एकत्र नकोत.

भांड्यांमध्ये काचेची बरणी किंवा स्टीलचं पातेलं, झाकण, साधी गाळणी आणि मलमलचं धुतलेलं फडकं. लोखंडी, तांब्याची, पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची भांडी नकोत. लोखंडाशी या फुलांतल्या द्रव्यांचा संयोग झाला की पाणी काळपट पडतं. ढवळायलाही लाकडी किंवा स्टीलचा चमचाच घ्या.

१. फुलं मिळवा

दोन वाटा आहेत: विकत आणायची किंवा स्वतः वेचून वाळवायची.

विकत आणायची तर रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली या जुन्या बाजारपेठेत काष्ठौषधींच्या दुकानांत विचारा. 'पळसफुलं' म्हणून समजलं नाही तर 'टेसू' किंवा 'केसुडा' म्हणा. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात आणि पेठ, हरसूल, सुरगाण्याच्या आठवडे बाजारांतही हंगामात चौकशी करून बघा. होळीच्या पुढेमागे माल ताजा असतो. दुकानदाराला एक गोष्ट स्पष्ट सांगा: फुलं प्यायला हवी आहेत, रंगासाठी नाही. रंगासाठीचा माल उघड्यावर पडलेला, मातीत लोळलेला असतो. रंगवाल्यांना त्यानं काही बिघडत नाही, आपलं बिघडतं.

घेताना पारख अशी करा. चांगलं वाळलेलं फूल फिकट केशरी ते मातकट नारिंगी दिसतं आणि त्याला मधासारखा मंद वास असतो. तपकिरी पडलेलं, वास गेलेलं फूल जुनं समजा. भडक, एकसारखा नारिंगी रंग दिसला तर सावध व्हा. अशा वेळी घरी आणून एक पाकळी पेलाभर गार पाण्यात टाका. खऱ्या पाकळीचा रंग सावकाश उतरतो. वरून रंग चोपडला असेल तर टाकल्या टाकल्या पाण्यात रंगाच्या धारा सुटतात. तासाभरानं त्याच पाण्यात लिंबाचे चार थेंब पिळा. पळसाचा खरा रंग आंबटानं फिकट पिवळा होतो. कृत्रिम रंग बहुधा आहे तसाच राहतो.

अख्खी फुलंच आणा, भुकटी आणू नका. भुकटीत काय दळलंय ते कुणालाच दिसत नाही.

स्वतः वेचायची असतील तर माघ-फाल्गुनात, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघा. पेठ रस्त्याला, दिंडोरी-वणीकडे, त्र्यंबक-हरसूलच्या डोंगरांत तेव्हा पानं झडलेले पळस फुलांनी पेटलेले असतात. पळस ओळखायला कठीण नाही. पळसाला पाने तीनच, ही म्हण आपल्याला पाठ असते. झाडावर पानं उरली असतील तर ती तिनाच्या जुडग्यातच दिसतील. फूल पोपटाच्या चोचीसारखं बाकदार, आणि देठापाशी काळपट मखमली टोपी. याच दिवसांत पांगारा आणि काटेसावरही लाल फुलतात, नवखे इथे फसतात. त्या दोन्ही झाडांना काटे असतात, पळसाला नसतात. सावरीचं फूल जाड, मांसल, वाटीएवढं असतं. सरबतासाठी ही दोन्ही नकोत.

फांद्या ओरबाडू नका. सकाळी लवकर जाऊन झाडाखाली जुनी चादर पसरा आणि त्यावर पडलेली फुलं घ्या. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या या झाडावर मध प्यायला येतात, वरची फुलं त्यांची. रस्त्याच्या कडेच्या झाडाची फुलं घेऊ नका, धूर आणि धूळ त्यांच्यावर आधीच बसलेली असते. द्राक्षबागेला लागून असलेल्या झाडाचीही नकोत. आपल्या जिल्ह्यात बागांवर फवारण्या किती होतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि ते औषध वाऱ्यानं बांध ओलांडून जातं. शेतातल्या झाडासाठी मालकाला विचारा. राखीव वनातून परवानगीशिवाय काही आणायचं नसतं. खरं सांगायचं तर, पाड्यावर कुणी वेचून वाळवून विकत असेल तर त्यांच्याकडून घेणं मला सगळ्यात बरं वाटतं: फूल ताजं मिळतं आणि पैसे योग्य हातात जातात.

वाळवणं. टोप्या ओल्यातच काढा, तेव्हा त्या सहज निघतात. पाकळ्या सुती कापडावर एकेरी पसरा, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. मार्चच्या कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत त्या चुरचुरीत होतात. कडक उन्हात रंग उडतो. पाकळी बोटांत चुरली पाहिजे. वाकत असेल तर अजून ओल आहे. ओलसर फुलं बरणीत भरली की बुरशी धरलीच. वाळलेली फुलं काचेच्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवा. त्र्यंबक, इगतपुरीकडे राहत असाल तर पावसाळ्याआधी ती बरणी फ्रिजमध्ये हलवा. पुढच्या होळीपर्यंत संपवून टाका.

२. निवडा, आणि घाई करू नका

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. परात घ्या, उजेडात बसा आणि प्रत्येक फुलाची देठाकडची काळी टोपी तोडून बाजूला टाका. टोपीत तुरटपणा असतो आणि तिच्यावर बारीक मखमली लव असते. घशात खवखवतं ते या लवेमुळे. पाकळ्यांच्या बाहेरच्या बाजूलाही थोडी लव असतेच, ती पुढे फडक्यात अडकेल. पण टोप्या राहिल्या तर कितीही गाळा, खवखव जात नाही.

मधोमध असलेले पुंकेसरांचे दोरे निघाले तर काढा, राहिले तरी चालतील. काड्या, पानांचे तुकडे, खडे, काळे डाग पडलेल्या पाकळ्या काढा. जाळी दिसली किंवा पांढरी भुकटी झडली तर ती पुडीच फेका. किडलेली फुलं उन्हात टाकून वापरण्याजोगी होत नाहीत.

हे काम एकट्यानं कंटाळवाणं होतं. घरातल्या मुलांना बसवा, त्यांना टोप्या तोडायला आवडतं.

३. धुवा

निवडलेल्या पाकळ्या गाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली झटकन धुवा. पाण्यात बुडवून ठेवून धुऊ नका, अर्धा स्वाद तिथेच जाईल.

४. रात्री भिजत घाला

पाकळ्या बरणीत घाला, वरून एक लिटर गार पाणी ओता, चमच्यानं दाबून सगळ्या पाकळ्या पाण्याखाली जातील असं करा. झाकण लावा. रात्री नऊ-दहाला घातलं तर सकाळी सहा-सातला काढायचं, म्हणजे आठ ते दहा तास.

पाण्याबद्दल दोन शब्द. पळसाचा रंग क्षारानं गडद होतो आणि आंबटानं फिकट. म्हणूनच रंग करणारे त्यात चुना घालतात. तुमच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर त्याच फुलांचं पाणी शेजारणीच्या पाण्यापेक्षा जास्त नारिंगी दिसेल. दोन्ही बरोबरच आहेत. फक्त बोअरच्या पाण्यात चव किंचित मचूळ लागते, म्हणून मी फिल्टरचं पाणी सुचवते. रंग गडद यावा म्हणून कुणी चिमूटभर खायचा सोडा घालायला सांगितलं तर घालू नका. रंग येतो, पण चव साबणासारखी होते. आपल्याला हवाय तो फिकट सोनेरी-नारिंगी रंग, रहाडीचा नव्हे.

बारा तासांच्या पुढे फुलं पाण्यात ठेवू नका. फुलांत मधाचा अंश असतो आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे पाणी लवकर आंबतं. बुडबुडे दिसले, वर फेस आला किंवा ताडीसारखा वास आला की ते ओतून द्या, साखर घालून सावरायला जाऊ नका. मे महिन्यात बरणी सरळ फ्रिजमध्ये ठेवा, तेव्हा बारा तास लागतात.

विसरलात आणि पाहुणे दुपारीच यायचे असतील तर दुसरी वाट आहे. पाणी उकळा, गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग पाकळ्या घालून वीस मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. याला फांट म्हणतात. रंग चांगला येतो, पण मागे थोडा तुरटपणा राहतो. गरजेला ठीक आहे, रोजची सवय करू नये.

५. दोनदा गाळा

आधी साध्या गाळणीतून. पाकळ्या हलक्या हातानं दाबा, पिळू नका. पिळलं की लव आणि गढूळपणा दोन्ही पाण्यात उतरतात. मग मलमलचं फडकं ओलं करून दुहेरी घडी घाला आणि त्यातून पाणी हळूहळू सोडा. फडकं सुटं लटकवून पाणी आपोआप झिरपू द्या. शेवटचा, तळाचा चमचा-दोन चमचे गाळ ओतून टाका. चहाची जाळीची गाळणी एकटी पुरत नाही, तिच्यातून लव सरळ निसटते.

फडक्याला पडलेला पिवळा डाग लवकर जात नाही. त्यासाठी एक फडकं कायमचं वेगळं ठेवा, आणि पांढरा सदरा घालून हे काम करू नका.

६. गोडी आणि चव

आधी नुसतं पाणी एक घोट चाखून बघा. किंचित गोडसर, मागे हलकी कडवट झाक आणि रानातल्या गवतासारखा वास, ही त्याची खरी चव. ती बुजवायची नाही, तिला जोड द्यायची.

खडीसाखर कुटून घाला आणि विरघळेपर्यंत ढवळा. गूळ घालू नका असं मी म्हणणार नाही, पण गुळाचा वास या नाजूक फुलाला खाऊन टाकतो. मधही तसाच. साखरेची मात्रा आधी ८० ग्रॅमच ठेवा, मग लागेल तशी वाढवा. सैंधव चिमूटभरच, त्यानं कडवटपणा मागे सरतो. वेलदोड्याची पूड अगदी शेवटी.

लिंबू बरणीत पिळू नका. पेल्यात, देताना, चार-पाच थेंब. आंबटानं रंग तिथल्या तिथे फिकट पिवळा होतो, मुलांना ते बघायला फार आवडतं. लिंबू जास्त झालं तर मात्र ते नुसतं लिंबू सरबत होतं आणि आदल्या रात्रीची सगळी मेहनत फुकट जाते. रोझ सिरप, पुदिना, चाट मसाला यांच्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. भिजवलेला सब्जा मात्र छान जमतो: पेल्याला अर्धा चमचा, वीस मिनिटं आधी भिजवलेला.

७. गार करा

माठ असेल तर माठच. पण पिण्याच्या पाण्याच्या माठात सरबत ओतू नका, माती ते शोषून घेते आणि पुढे माठाला आंबूस वास लागतो. काचेची बाटली भरून, तोंड घट्ट लावून, ती ओल्या फडक्यात गुंडाळा आणि वाऱ्याला ठेवा, किंवा रुंद तोंडाच्या माठातल्या पाण्यात उभी करा. दोन-तीन तासांत प्यायला हवं तेवढं गार होतं. फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतंच.

बर्फ घालायचा तर घरच्या साच्यातला. बाहेरून आणलेल्या लादीचा भरवसा नसतो. ती खाण्यासाठीच्या पाण्याची आहे की माल गार ठेवण्यासाठीची, हे आपल्याला बघून कळत नाही. शिवाय बर्फानं सरबत पातळ होतं. बर्फ घालणार असाल तर पाणी पाऊण लिटरच घेऊन भिजवा.

फ्रिजमध्ये हे सरबत एक दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवा. बाहेर ठेवलं तर चार तासांच्या वर नको.

मोठ्या माणसाला दिवसातून एक पेला पुरे. ते पाण्याऐवजी दिवसभर पीत राहायचं पेय नाही.

८. पाक करून ठेवायचा असेल तर

रोज रात्री भिजत घालणं सगळ्यांना जमत नाही. अशांनी सुटीच्या दिवशी पाक करावा. १०० ग्रॅम निवडलेल्या पाकळ्या दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा. फुलं पाणी पितात, त्यामुळे हाती साधारण एक लिटरच्या पुढेमागे येईल. त्यातलं एक लिटर मोजून घ्या. त्यात दीड किलो साखर घालून मंद आचेवर फक्त विरघळवा आणि एक उकळी येताच गॅस बंद करा. इथे चूल पेटवावी लागते, कारण पाक टिकायला हवा. पण तोवर फुलं बाहेर निघालेली असतात, म्हणून कडवटपणा वाढत नाही. पाच ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजेच किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, घातलं तर पाक साखर धरत नाही. मात्र रंग उतरून पिवळा होईल, हे लक्षात ठेवूनच घाला. उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या बाटल्यांत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. महिनाभरात संपवा. एका पेल्याला तीन-चार चमचे पाक आणि गार पाणी.

हा पाक किंवा सरबत विकायचा विचार असेल, अगदी घरातून असला तरी, आधी अन्नसुरक्षा नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन भरता येतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो जवळ ठेवा.

बिघडलं तर कुठे बघायचं

- *घसा खवखवतो*: टोप्या राहिल्या किंवा फडक्यातून गाळलं नाही.
- *फार कडवट*: पाणी गरम होतं, फुलं जास्त वेळ राहिली किंवा पिळली गेली.
- *काळपट रंग*: भांडं लोखंडी, किंवा चमचा गंजका.
- *रंगच नाही*: फुलं जुनी. जास्त घालून उपयोग नाही, ताजी आणा.
- *मातीचा वास*: रंगासाठीचा माल दिला गेलाय. परत करा.

उरलेल्या चोथ्याचं

गाळून राहिलेल्या पाकळ्या फेकू नका. बादलीभर पाण्यात टाकून इथे मात्र खुशाल उकळा, गाळा आणि कोमट झालं की उन्हाळ्यात मुलांना त्यानं अंघोळ घाला. घामोळ्यांसाठी ही जुनी रीत आहे. डोळ्यांत जाऊ देऊ नका, अंग पुसायला जुनाच पंचा घ्या. कालच्या टोप्या आणि आजचा चोथा दोन्ही कुंडीत, मातीखाली बोटभर पुरून टाका. वर पसरले तर चिलटं होतात.